गप्प बसणारं यंत्र

मु. पो. कोकाटू फ्लॅट,
सोमवार, मे महिना

आदरणीय थेल्माताईंना,

अल्विनचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. जे यंत्र खांद्याला अडकवून मी सध्या रानोमाळ हिंडतो, त्याने कंबर अशी धरली आहे की दिसेल त्याला माझा नमस्कारच घडतो. परवा पाद्रीसाहेब उगाच खूश झाले.) तुमच्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे नोरीनच्या चिठ्ठीवरून कळलं, फार बरं वाटलं. नवा खुबा धातूचा आहे म्हणे. कोणता धातू, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. मी तिकडे आलोच तर यंत्र तुमच्यापासून किती लांब ठेवायचं याचा अंदाज येईल. लाँसेस्टनला आता थंडी पडली असेल, पाय उबेत ठेवा. भूक लागते का? रात्री झोप लागते का? नर्सबाई चहा वेळेवर देतात का? हे सगळं फोनवरच विचारणार होतो, पण टास्मानियाची लाईन अलीकडे फार बिघडली आहे. तुमचा आवाज येतो, शब्द येत नाहीत. कंपनीकडे तक्रार केली, तर त्यांचेही शब्द येईनात. म्हणून पत्र.

नोरीन तुमच्या उशाशी आहे हे उत्तमच. बहिणीच्या दुखण्यात बहिणीने नाही धावायचं तर कोणी? फक्त एवढंच, की दोघी बहिणी दिवसभर एका खोलीत म्हणजे बोलणं निघणार, आणि बोलणं निघालं की डिटेक्टरचं, म्हणजे माझ्या या सोनं शोधायच्या यंत्राचं, निघणार. नोरीन खोटं बोलणाऱ्यातली नाही. पण ही हकीकत सांगताना ती मध्येच हसते, आणि हसत सांगितलेल्या हकिकतीत नवऱ्याची बाजू कायम पडद्याआड राहते. तेव्हा घडलं ते मीच क्रमाने लिहून पाठवतो, म्हणजे तुम्हाला निवाडा करायला सोपं जाईल.

तुम्हाला ठाऊकच आहे, शाळेची बस मी तीस वर्षं चालवली. ती सुटल्यावर डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आता उद्देशाशिवाय चालणं मला जमत नाही. कुत्रासुद्धा झाड बघून चालतो. आमच्या गावात निवृत्त माणसापुढे तीन वाटा असतात: हिरवळीवर गोळे घरंगळवायचे, एकमेकांना आपापल्या लघवीचे त्रास सांगायचे, नाहीतर सोनं शोधायचं. पहिल्या दोन्हीत मर्व स्किलबेक आधीच पहिला आहे. (मर्व म्हणजे आमच्या सोनेशोधक क्लबचा अध्यक्ष. तुम्ही त्याला आमच्या लग्नात पाहिलंय, केकच्या शेजारून न हललेला तो.) गेल्या वर्षी त्याला तिसऱ्या वाटेवरही यश आलं. डच मेरीच्या घळीत त्याला अक्रोडाएवढं सोन्याचं ढेकूळ सापडलं, आणि तेव्हापासून तो दुकानात बटाटे मागतानासुद्धा घोषणा केल्यासारखं बोलतो. त्याला मिळतं तर मला का मिळू नये, असा साधा विचार मी केला. सगळे साधे विचार महागात पडतात.

डच मेरीच्या घळीत आपल्या पणजोबांच्या पिढीने उंदरांसारखी बिळं पाडून ठेवली आहेत. त्यांना घाई होती. मोठं दिसेल ते उचललं आणि उरलेली माती शेजारी ढीग घालून पुढच्या घळीकडे पळाले. त्या ढिगांत आणि आसपास जे राहून गेलं ते आम्ही शोधतो. परवाना काढायचा, खणलेला खड्डा बुजवायचा, आणि जुन्या विहिरीसारख्या खाणीत पडायचं नाही, एवढेच नियम. अडचण आहे ती मातीची. आमची माती लाल, लोहखडकाच्या तुकड्यांनी भरलेली. समुद्रकिनाऱ्यावर नाणी शोधणारं साधं यंत्र इथे आणलं, तर ते दर पावलाला किंचाळतं. त्याला प्रत्येक दगड सोनं वाटतो. म्हणजे यंत्राची निवड हाच सगळा खेळ. आणि यंत्र घ्यायचं म्हटलं की सर्दी झालेल्या माणसासारखी गत होते, जो तो आपला काढा सांगतो. मर्व म्हणाला, चकती (दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची ती) मोठी घे, खोलवरचं सापडेल. दुसरा म्हणाला, मोठ्या चकतीने खोलवरचा घोड्याचा नाल सापडेल, बारीक सोनं हवं तर चकती छोटी घे. तिसऱ्याने सांगितलं, कोणतंही घे, आधी बायकोला विचार. हा तिसरा घटस्फोटित आहे, म्हणून त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

मेरीबरोला ग्लेनिस ऑजर्स नावाच्या बाईंचं यंत्रांचं दुकान आहे. बाई सरळ आहेत. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी शिशाचे तुकडे, खिळे, बुटांच्या टाचण्या असं काय काय वेगवेगळ्या खोलीवर पुरून ठेवलंय. गिऱ्हाइकाने यंत्र घ्यावं, तिथे फिरवावं आणि मगच ठरवावं. (शिसं सोन्याच्या जागी, सोनं पुरण्याइतक्या बाई सरळ नाहीत.) मी आणि नोरीन गेलो. नोरीनला मी फक्त गाडीत सोबत म्हणून नेलं होतं, हे इथे नमूद करतो.

पहिलं यंत्र हलकं, दिसायला देखणं. ते जमिनीला लावलं आणि त्याने जी घुरघुर सुरू केली ती थांबेना. दगडावर घुर्र, खिळ्यावर घुर्र, माझ्या बुटावर घुर्र. तीस वर्षं मागच्या सीटवरची पोरं सोसलेल्या माणसाला आता आणखी कटकट नको असते. दुसरं यंत्र भलं मोठं, चकती म्हणजे जवळजवळ पिपाचं झाकण. ते अंगावर चढवायला पट्टे, पट्ट्यांना कड्या, कड्यांना रबरी दोऱ्या. सगळं चढवून झाल्यावर मी पॅराशूटवाला दिसत होतो आणि उडी मारायची तेवढी बाकी होती. तेही एकसारखं हंबरत होतं. तिसरं मात्र, ताई, काय सांगू! मधल्या आकाराची चकती, बऱ्यापैकी वजन, पण वागणूक खानदानी. लोहखडकावर गप्प. खिळ्यावर गप्प. मी त्या सबंध जागेत चार फेऱ्या मारल्या, यंत्राने हूं की चूं केलं नाही. मी मनात म्हटलं, हेच ते. उगाच बोलत नाही. बोलेल तेव्हा सोन्यावरच बोलेल.

मान वर करून बघतो तर नोरीन आणि ग्लेनिसबाई दोघींनी चेहरे असे केले होते जसं काही कच्चं लिंबू चावलंय. ग्लेनिसबाई काहीतरी म्हणत एका बटणाकडे बोट दाखवत होत्या. मी मान हलवली. नोरीनही काही म्हणाली. तिलाही मान हलवली. खरेदीच्या वेळी बायका काटकसरीचं बोलतात हा माझा अनुभव आहे. यंत्र घेतलं. कितीला घेतलं ते नोरीनने सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर मीही सांगत नाही.

पुढचे कित्येक दिवस मी घळीत सकाळी जायचो आणि दुपारी रिकाम्या हाताने परत यायचो. यंत्राची शिस्त वाखाणण्यासारखी होती. कानाला हेडफोन लावले की टोपी बसत नाही आणि टोपी नसली की माश्या बसतात, म्हणून आवाजाचा छोटा स्पीकर खांद्यावर अडकवला होता. तो नुसता होता. मी समजत होतो की घळीत सोनंच उरलेलं नाही, आणि मर्वने ते अक्रोडाएवढं ढेकूळ कुठून तरी विकत आणलंय. तसं मी दोघातिघांना सांगितलंही.

मग एके दिवशी नोरीन म्हणाली, मीही येते, घरी बसून कंटाळा आला. घडीची खुर्ची, थर्मास आणि विणकाम घेऊन ती एका ढिगाशी सावलीत बसली. मी यंत्र फिरवत तिच्या समोरून गेलो. ती काही बोलली. मी जवळ गेलो.

"वाजलं," ती म्हणाली.

"काय वाजलं?"

"तुझं यंत्र! केवढ्यांदा ओरडलं ते!"

"मॅगपाय पक्षी असेल झाडावर," मी म्हटलं. "आपलं यंत्र असं ओरडत नाही."

ती उठली, माझी कुदळ घेतली, मी जिथून आलो होतो तिथे घोटाभर खणलं आणि मातीतून काहीतरी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. गव्हाच्या दाण्याएवढं सोनं. मी म्हटलं, नशीब. नवख्याला सापडतं, पत्त्यांतही तसंच असतं. दुपारपर्यंत तिला आणखी दोन दाणे सापडले आणि स्वेटरची एक बाही झाली.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. मी पुढे, ती मागे. मी यंत्र फिरवायचो, मधूनच माझ्या पाठीवर विणकामाची सुई टोचली जायची. मी थांबायचो, ती खणायची. ही पद्धत तिने सुरू केली, मी नाही. पण घरातली शांतता राखण्यासाठी मी हरकत घेतली नाही. एका शुक्रवारी तिने वालपापडीच्या दाण्याएवढा खडा काढला, अगदी टपोरा, पिवळाधमक. त्या क्षणी, ताई, नोरीन जी नाचली! एवढ्या वर्षांत मी तिला अशी नाचताना पाहिलं नव्हतं. गुडघ्याला माती, केसांत गवत, हातात सुया, आणि ती वेडीवाकडी गिरक्या घेत होती. मलाही फार आनंद झाला. आणि थोडं असंही वाटलं, की यंत्र माझं, पट्टा माझ्या खांद्यावर, कंबर माझी गेली, आणि नाचतंय कोण.

महिनाअखेरीला क्लबचा मेळावा होता. पावात सॉसेज, तळलेला कांदा, आणि टेबलावर प्रत्येकाने आपापलं सापडलेलं मांडायचं. नोरीनचा खडा पहिला आला. मर्व खुर्चीवर चढून काहीतरी बोलला, सगळे खो-खो हसले. चारचौघांत आपण मागे पडू नये म्हणून मी सगळ्यांत मोठ्याने हसलो, टाळीही दिली. मर्व काय बोलला ते पुढे क्लबच्या बातमीपत्रात छापून आल्यावर कळलं. "यंत्र अल्विनचं आणि कान नोरीनचे, असा संसार प्रत्येकाला लाभो!" हे वाचल्यावर मला सॉसेज दोन दिवस उशिरा बाधलं.

मी नोरीनला म्हटलं, यंत्र सदोष आहे, परत करू. (आमच्याकडेही नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणणारे लोक आहेत. मी त्यांतला नव्हे. मी अंगण तपासून बोलतो.) मेरीबरोला गेलो. दुकानात गर्दी होती, ते बरंच झालं, साक्षीदार मिळाले. मी ग्लेनिसबाईंना म्हटलं, हे यंत्र मुकं आहे. त्यांनी ते चालू केलं, काउंटरवर स्वतःची अंगठी ठेवली आणि म्हणाल्या, फिरव. मी फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही. "बघा!" असं म्हणून मी विजयाने वळून पाहिलं, तर दुकानातल्या प्रत्येक माणसाने कानांवर हात घेतलेले. बाहेर बांधलेला कुत्रा तोंड वर करून आकाशाकडे बघत होता. त्याचा जबडा उघडा होता, म्हणजे तो रडत असणार. नोरीन माझ्याकडे बघत होती आणि हसत नव्हती. या सबंध प्रकरणात ती हसली नाही अशी ती एकच वेळ, म्हणून ध्यानात राहिली.

ग्लेनिसबाईंनी मग ते बटण फिरवलं. यंत्राचा आवाज त्या बटणाने जाड-बारीक करता येतो म्हणे. जाड केल्यावर मी चकती अंगठीवर नेली आणि यंत्र चक्क बोललं, बैल हंबरावा तसं. "बघा, दुरुस्त झालं की नाही!" मी सगळ्यांना म्हटलं. ग्लेनिसबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या,

"अल्विन, एकदा खाण तपासून घे."

"खाण कसली तपासायची?" मी म्हटलं. "सगळ्या खाणी कधीच्या बुजल्यात. मी ढिगांवरच फिरतो."

यावर त्या आत निघून गेल्या. बाईमाणूस, मन हळवं.

परतीच्या वाटेवर नोरीन बरंच बोलली. गाडीची काच अर्धी उघडी, वारा सुसाट, त्यात समोर सूर्य. मी नेहमीप्रमाणे मान हलवून "हो हो, का नाही" म्हणत होतो. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली असावी, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. त्यानंतर तीन दिवसांत तुमचं ऑपरेशन ठरलं आणि ती विमानात बसली. जाताना तिने मोठी बॅग नेली. मोठी बॅग का, हे मी विचारलं. तिने उत्तरही दिलं. ते गेटशी दिलं, आणि मी ओसरीवर होतो.

असा हा सगळा प्रकार आहे. आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? यंत्र आता उत्तम चालतं. गेल्या आठवड्यात मी एकट्याने बंदुकीच्या सहा गोळ्या, मूठभर बुटांच्या टाचण्या आणि एक चमचा शोधला. प्रत्येक वेळी यंत्र आधी बोललं आणि मला स्वच्छ ऐकू आलं. फक्त काहीही सापडलं की मी सवयीने मागे वळून बघतो, आणि मागे ढीगच असतात.

पायाला जपा. वॉकर घेतल्याशिवाय उठू नका. नोरीनला माझा निरोप सांगा की कोंबड्या ठीक आहेत.

तुमचा आज्ञाधारक धाकटा मेव्हणा,
अल्विन ट्रेझाइझ

ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं, की त्या दिवशी गाडीत मी कशाला "नक्की" म्हटलं ते मला ठाऊक नाही. एकच शब्द कानावर पडला होता: गाय. तेव्हापासून लोक विचित्र वागताहेत. मर्वने रस्त्यात हात धरून, "या वयात हे धाडस! मानलं तुला," असं ओरडून सांगितलं. पाद्रीसाहेब म्हणाले, देव तुम्हाला बळ देवो. एका गाईला एवढं बळ लागतं का? मी आपली तयारी म्हणून मागची शेड झाडून घेतली, गवताच्या गाठी आणल्या आणि दूध काढण्याबद्दल चौकशी केली. तरी ताई, आपण सहज बोलता बोलता तिच्याकडून काढून घ्यावं, की गाय कधी येणार आणि दुभती आहे का. मी विचारलं असं मात्र कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. पाकीट डिंकाने चिकटवलं होतं, ते फोडावं लागलं. पोस्टात तिकीट घ्यायला गेलो तर भिंतीवर माझंच नाव. गाय नव्हे, गायन. येत्या रविवारी सभागृहात पंचक्रोशीतल्या सगळ्या चर्चची गायनस्पर्धा आहे, नेहमीच्या परीक्षकांचा पाय मोडला, आणि ज्याला गाण्यातलं काही कळत नाही म्हणून जो कोणाचीही बाजू घेणार नाही असा एकच माणूस गावात आहे, असं नोरीनने समितीला सांगितलं. परीक्षक: श्री. अल्विन ट्रेझाइझ. पोस्टातली बाई तिकीट देताना टेबलाखाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. मी तिथून तडक गाडी काढली ती बेंडिगोला, कानाच्या दवाखान्यात. तिथल्या मुलीने मला एका पेटीसारख्या खोलीत बसवलं आणि म्हणाली, आवाज आला की बटण दाबा. मी खूप वेळ शांत बसलो. शेवटी तिने दार उघडून मला कागद दाखवला. बारीक आवाजांच्या बाजूला रेघ अशी खाली घसरत गेली होती, जशी डच मेरीची घळ. दोन्ही कानांत घालायची यंत्रं तात्पुरती वापरायला दिली आहेत. निवडीला वाव नव्हता, एकच प्रकार शिल्लक होता. मी चाचणी न घेता घेतला. गवताच्या गाठी मर्वला देऊन टाकल्या. त्याला कारण सांगितलेलं नाही.

ता. क. शेवटचा. हा ताईंसाठी नाही. नोरीन, तू हे त्यांच्या खांद्यावरून वाचत असणार, हे मला माहीत आहे. चष्मा लाव आणि नीट वाच. फ्रीज सबंध दिवस गुणगुणतो हे तू मला कधी सांगितलं नाहीस. (किंवा सांगितलं असशील.) आपल्या गेटची बिजागरी भयंकर कुरकुरते, पोस्टमन आला की घरभर ऐकू येतं. तेलाची बाटली घेऊन गेलो होतो, पण घातलं नाही. तू येशील तेव्हा कळायला हवं.